पाटावरचं विमान

मी माफी मागणारा माणूस आहे. बायको म्हणते, ‘तू आधी माफी मागतोस आणि मग ती कशाबद्दल होती ते शोधतोस.’ त्यामुळे आयर्लंडमध्ये मी पहिल्या दिवसापासून रमलो. इथं धक्का खाणाराही ‘सॉरी’ म्हणतो.

दोन हजार चार साली आम्ही डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात राहत होतो. औषधांच्या कारखान्यात मी केमिकल इंजिनिअर होतो. ही गोष्ट पुढं माझ्याविरुद्ध जाणार आहे. त्या वर्षी दसरा आणि हॅलोवीन यांच्यात जेमतेम आठवड्याचं अंतर होतं, आणि बार्शीहून माझी आई आलेली होती.

हॅलोवीनला लेकीला कुणाचं तरी सोंग घ्यायचं होतं. वर्गात वटवाघळं आणि कोळी पुष्कळ होते. तिला कुणालाच माहीत नसलेला माणूस हवा होता. शेजारच्या आजोबांनी तो दिला. आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांच्या लहानपणी बॉस्टनच्या मावशीनं जुन्या कपड्यांच्या पार्सलमध्ये एक कॉमिक पाठवलं होतं, ते त्यांनी सोंगासाठी नमुना म्हणून लेकीच्या हातात ठेवलं. साठ वर्षं जपलेलं ते पुस्तक आमच्या घरात आलं, तेव्हाच मला अपराधी वाटायला लागलं.

त्यातला नायक वैमानिक होता. कातडी टोपी, गॉगल, पिवळा मफलर. वीज अंगावर पडल्यापासून त्याला वारा दिसायचा. शक्ती एवढीच. बाकीचे नायक इमारती उचलत असताना हा नुसता वारा बघत हिंडायचा, म्हणून बहुधा जग त्याला विसरलं. आजोबाही त्याला नावानं हाक मारत नसत, ‘युअर मॅन’ म्हणत. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूस इथं ‘युअर मॅन’ असतो. शेवटच्या पानावर युअर मॅनचं इंजिन बंद पडतं, विमान ढगातून खाली निघतं, आणि तळाला लिहिलेलं असतं, ‘पुढील अंकी’.

“मग पुढं?” लेकीनं विचारलं होतं.

“पुढच्या पार्सलमध्ये नुसते शर्ट आले,” आजोबा म्हणाले.

कातडी टोपीचा प्रश्न आईच्या माकडटोपीनं सुटला, गॉगल पोहण्याचा घेतला. दसऱ्याला आम्ही पाटावर पुस्तकं मांडली. मी लॅपटॉप ठेवला. लेकीला आवडतं पुस्तक ठेवायला सांगितलं होतं, तिनं कॉमिक ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून, शेवटचं पान उघडून. आणि आजीला सगळी गोष्ट सांगितली, अर्धी इंग्रजीत, अर्धी हातांनी.

मी आंघोळ करून आलो तर विमानाच्या नाकावर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं.

“आई! हे दुसऱ्याचं आहे!”

“मग? दुसऱ्याचं विमान पडू द्यायचं व्हय?” आई म्हणाली. “उतरेल आता नीट.”

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. बोटं लहान होती, नेटकी होती. पण मला जबाबदारीची उबळ आली. मी कापसाचा बोळा ओला केला, त्याला साबण लावला आणि हलक्या हातानं हळद टिपली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे बार्शीतल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मला तर त्याची पदवी होती. इंजिनापासून शेपटीपर्यंत लालभडक लोळ पसरला.

आईनं वाकून पाहिलं. “मी उतरवायला निघाले होते. तू पेटवून दिलंस.”

संध्याकाळी आम्ही तिघं शेजारी गेलो. दुभाषी म्हणून लेक. दार उघडताच मी सुरुवात केली. ती कुठून करावी न कळल्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आमची वेल त्यांच्या भिंतीवर चढली होती तिथून केली. आजोबा पान उघडून बघत राहिले.

“किती वेळ काय सांगतोय हा?” आई लेकीला म्हणाली. “बोट माझं, आग ह्याची. सांग त्यांना.”

“डॉट आजीचा, आग डॅडची,” लेकीनं अस्सल डब्लिनी इंग्रजीत सांगितलं. “डॉट कशाला, तर तो नीट लँड व्हावा म्हणून.”

आयरिश माणूस घर बुडालं तरी ‘इट्स ग्रँड’ म्हणतो. आजोबा म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “युअर मॅनला कधी गोळीसुद्धा लागली नव्हती,” असं हळू म्हणून त्यांनी पुस्तक घेतलं आणि दार लावलं.

तो आठवडा मी कुंपणाजवळ फिरकलो नाही. लेकीनं माकडटोपी घालायला नकार दिला. “मी त्याचं सोंग घेतलं तर आजोबांना वाईट वाटेल,” म्हणाली. माझ्या एका बोळ्यानं दोघांचा नायक जाळला होता.

हॅलोवीनच्या दुपारी बेल वाजली. दारात आजोबा. मी ‘सॉरी’ म्हणायच्या आत त्यांनी हातानं मला बाजूला सारलं आणि लेकीला विचारलं, “टोपी कुठाय?” मग म्हणाले, “मी पान रोज बघतोय. आग लागली खरी, पण डॉट आहे जागेवर. आणि त्याला वारा दिसतो. शेत बघून उतरला असणार तो. आजीला सांग.”

लेकीनं सांगितलं. आई म्हणाली, “मग! मी काय उगाच लावलं होतं?”

आजोबा घुटमळले. त्यांची जुनी गाडी सरकारी तपासणीत दोनदा नापास झाली होती, आणि या आठवड्यात तिसरी खेप होती. ते आईच्या हळदीकुंकवाच्या डब्यासाठी आले होते.

आई स्वेटरवर शाल घेऊन बाहेर पडली. तिनं बॉनेटवर दोन बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं. माकडटोपीतला वैमानिक स्टिअरिंगमागे बसून गॉगल सारखा करत होता. मीही मदतीला गेलो. बॉनेटवर चिखल उडालेला दिसला, म्हणून फडकं घेऊन.

आजोबांनी ते पाहिलं आणि आईला, तिला कळेल अशा सावकाश इंग्रजीत, म्हणाले, “युअर मॅनला गाडीपासून लांब ठेवा.”

आईला ते कळलं. तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.