सुईत दोरा, मग चावी

२०१६ साली पायलट सेहेचाळीस वर्षांचा होता, आणि चष्मा न लावता हाराच्या सुईत दोरा एका झटक्यात ओवत होता. बाप्यामाणूस पहाटे अंगणात उभा राहून सुई ओवतो हे बघून पाहुणे हसायचे. आम्हाला त्याचं नवल नव्हतं. सुई ओवली तरच त्याला गाडीची चावी मिळायची.

पायलट म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. विमान त्यानं खालूनच बघितलेलं. चालवायचा पिकअप. त्र्यंबक रस्त्याच्या आमच्या गावातली शेवंती, झेंडू, निशिगंध भरायचा, पाट्या सांभाळायला मागं चार बायका बसवायचा आणि शहरात गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, फुलबाजारात माल पोचवायचा. त्या बायकांत माझी बायकोही असायची. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला वाढवलेला. मागून ती ओरडायची, "बाळ, हळू घे रे." हा पुढून म्हणायचा, "आक्का, तू फुलं धर, रस्ता मी धरतो." रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर गाडी थांबवून, खाली उतरून त्याला उठवायचा. हॉर्न वाजवायचा नाही. "त्याची झोप मोडली, आता वर शिवी कशाला," म्हणायचा. असा माणूस.

प्यायचा मात्र. आधी सणाला, मग भाडं चांगलं आलं म्हणून, मग आलं नाही म्हणून. पहाटे उठला की टाकीच्या गार पाण्यात डोकं बुडवायचा, लिंबू चावायचा आणि सांगायचा, "झोपलो म्हणजे उतरली. आता मी कोरा करकरीत." त्याची बायको सुमन ऐकणारी नव्हती. तिनं चावी पदराला बांधली आणि हातात सुई-दोरा दिला.

"ओवून दाखवा, मग जा."

"अगं, मी डायवर हाय का शिंपी?"

"ते सुई सांगल."

पहिल्या दिवशी जमलं नाही. माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला, गावभर हसं झालं. मला सुमनची युक्ती फार आवडली. मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण चावडीवर ठासून सांगायचो, "पोलिसाच्या त्या फुंकायच्या यंत्रापेक्षा आमची सुई खरी."

दोन-चार वर्षांत त्याच्यात फरक पडला. जेवण तुटलं. भाकरी मोडून ठेवायचा आणि उठायचा. पाय सुजायचे, चपलेत मावेनात. डोळे पिवळट दिसायला लागले. विचारलं की एकच उत्तर, "पित्त हाय, दाजी." काल ठरलेलं आज विसरायचा आणि आठवण करून दिली की अंगावर धावून यायचा, मग संध्याकाळी आक्काच्या पायाशी बसून रडायचा. एका पहाटे हात इतका थरथरत होता की सुई खाली पडली. सुमन म्हणाली, "आज नाही मिळायची चावी." तो म्हणाला, "थांब, गोठ्यात वैरण टाकून येतो." आला आणि पहिल्या फटक्यात दोरा आरपार. सुमननं हसून चावी दिली. तेव्हापासून रोज वैरण टाकून यायचा आणि सुई कधी चुकली नाही. आम्हाला वाटलं, सुटली बहुतेक.

पावसाळा सरता सरता एक दिवस मी त्याच्या शेजारी बसून निघालो होतो. झुंजूमुंजू झालेलं. समोरून एक दूधवाला मोटरसायकलवर कॅन लावून येत होता. पायलट मला म्हणाला, "दूधवाला आला बघा." अगदी शांतपणे म्हणाला. स्टेअरिंगवरचा हात स्थिर. पण पाय ब्रेकवर जाईना. मी ओरडलो, "अरे दाब!" तेव्हा कुठं दाबला. दूधवाला टोमॅटोच्या शेतात उडाला, गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. दूधवाला उठून आम्हाला आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला, तेव्हा जिवात जीव आला. मागं तिघी खरचटण्यावर निभावल्या, माझी बायको मात्र पाट्यांखाली होती. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं, मग पायलटला. मला म्हणाल्या, "बाबा, हे पिऊन आलेत."

मी हट्टाला पेटलो. "बाई, हात बघा त्याचा. थरथरतो का? निघताना सुई ओवलीय त्यानं."

"म्हणूनच सांगते. त्यांचं शरीर आता दारूवर चालतंय. नसली की हात थरथरतो, घेतली की थांबतो. हात थांबला म्हणजे डोकं ताळ्यावर आलं असं नाही. डोळ्यांनी बघितलेलं पायापर्यंत जायला उशीर होतो."

निरोप मिळून धावत आलेली सुमन तिथंच खाली बसली. "गोठ्यात," एवढंच बोलली. वैरणीमागं तो बाटली ठेवत होता. त्यानं प्यालेली असली की आम्ही चावी देत होतो, आणि उतरलेली असली की अडवत होतो.

बाईंनी बजावलं, "आता घरी एकदम बंद करू नका. झटके येतील, जीव जाईल. व्यसन सोडवतात तिथं भरती करा."

"मला येड्यांत टाकता व्हय?" पायलट म्हणाला आणि बहिणीकडं न बघता चालता झाला.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. पायलट त्यानंतर तीन वर्षं जगला. मधे एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. पण लिव्हर आधीच गेलं होतं. शेवटी पोटात पाणी झालं आणि बहिणीच्या मांडीवर गेला. गावात त्याला दारुडा म्हणतात. म्हणोत. मी ऐकून घेत नाही, कारण अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मी बघितलीय.

मी ओट्यावर दात घासत होतो. पायलट कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा.

"दाजी, खोटं बोलत नाय. थोडी घेऊन आलोय. घेतल्याबिगर पाऊल उचलेना. चला."

"कुठं?"

"बाई म्हणल्या तिथं. आक्का उठायच्या आत चला, ती रडली तर मी जायचा नाय."

मी तोंड पुसलं, टोपी घातली. फाट्यावर बस मिळाली. ओळखीची माणसं भरलेली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, बाबा?" मी हळूच पुढच्या एका थांब्याचं नाव सांगणार होतो, तेवढ्यात पायलट खणखणीत बोलला, "दोन द्या. दारू सोडवायच्या दवाखान्यापाशी."

सगळी बस वळून बघायला लागली. त्यानं मान खाली घातली नाही. कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि मला बसायला जागा करून दिली. मी बसलो नाही. त्याच्या शेजारी दांडा धरून उभा राहिलो.