मळईचाचांच्या तीन मुठी

मळईचाचा गाळ खायचे. खोटं नाही सांगत. पूर ओसरला की नदीकाठी उकिडवे बसून बोटभर गाळ दाताखाली धरायचे, डोळे मिटून चघळायचे आणि थुंकून निकाल द्यायचे, "ह्यो प्रवरेचा." नाहीतर, "ह्यो नाशकाकडचा, करकरत न्हाई." आमचं गाव नेवासे तालुक्यात, प्रवरा गोदावरीला मिळते त्याच्या थोडं खाली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, भूगोल शिकवायचो, आणि हा बिनशिकलेला माणूस माझ्यादेखत नद्या चवीवरून ओळखतो याचा मला थोडा रागच यायचा.

पुरानंतर नदीच्या वळणावर जो मऊ गाळ बसतो ती मळई. चाचा दर वर्षी तिच्यावर कलिंगडाची वाडी लावायचे, म्हणून हे नाव. मळईत कुणी पायताण घालून उतरलं की खेकसायचे. एकदा त्यांनी माझ्या शाईच्या रिकाम्या बाटलीत पुराचं पाणी भरून माझ्याच टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तळाशी वाळू, वर बारीक माती, आणि सगळ्यात वर सायीसारखी चिकण. "जड माल पयला बसतो मास्तर, बारीक त्यो लांब जातो," चाचा म्हणाले. "तुमच्या पुस्तकात हाय का?" पुस्तकात होतं, पण मी ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

लढाईच्या दिवसांत त्यांचा एकुलता एक मुलगा, रशीद, नगरला जाऊन फौजेत भरती झाला. वर्षभरानं इंग्रजी तार आली. गावात ती वाचता येणारा मी एकटा, तेव्हा ते मीच सांगितलं. बोट बुडाली होती, रशीद गेला होता. पुढे त्याच्याबरोबरचा एकजण घरी येऊन सांगून गेला की ते बंगालच्या उपसागरात झालं.

मशिदीत नमाज झाली, पण मयत नाही आणि कबरही नाही. त्यांच्यात दफनाला आलेला प्रत्येकजण कबरीत तीन मुठी माती टाकतो. बापाच्या त्या तीन मुठी राहून गेल्या, आणि चाचांना दुसरं काही सुचेना. एका दुपारी शाळा सुटल्यावर ते वर्गातल्या नकाशापुढे येऊन उभे राहिले.

"मास्तर, आपली गंगा कुठं जाती?"

मी छडी फिरवत नेली, पैठण, नांदेड, राजमहेंद्री, आणि शेवटी बंगालच्या उपसागरावर टेकवली. चाचांनी तिथल्या निळ्या रंगावर अंगठा दाबून धरला.

"म्हंजी रशीदकडंच जाती की," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मळईवरचे वाळलेले पापुद्रे गोळा केले, पाट्यावर वाटले आणि चाचीच्या जुन्या ओढणीतून तीनदा गाळले. पिठापेक्षा मऊ झालेली ती माती पुरचुंडीत बांधून कोनाड्यात ठेवली. वाळू असती तर पैठणच्या आतच बसली असती, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पहिला पूर आला तसे ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि तीन मुठी सोडल्या. दोन वर्षं हे चाललं. चाचा पुन्हा थोडं हसायलाही लागले होते.

आणि मग मी माती खाल्ली. नगरहून भूगोलाचं एक जाड पुस्तक आणलं होतं. त्यातलं नवीन कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, आणि ते समजेल असा गावात एकच माणूस होता. चाचांना ओट्यावर बसवून मी सांगत सुटलो. नदी समुद्राला भेटते तिथंच तिचा जोर संपतो. गाळ मुखापाशीच बसतो. जरा पुढे सरकला की भरती त्याला मागे ढकलते. थरावर थर चढतात, खालचे दबून खचत जातात आणि त्यांचा दगड होतो. त्यातलं थोडंसंच पुढे खोल समुद्रात घसरतं, आणि त्याला लाखो वर्षं लागतात.

चाचांनी सगळं नीट ऐकलं. "व्हय," ते म्हणाले, "हितं वळनावर बी तसंच हुतं. बरोबर हाय तुमचं." मला बरं वाटलं. शाबासकीच वाटली मला ती, लाज वाटते सांगायला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मंग माझी माती त्याला न्हाईच मिळाली?"

मी मांडीवरचं पुस्तक मिटलं.

त्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा ते पुरचुंडी मांडीवर घेऊन काठावर बसून राहिले आणि तशीच घरी घेऊन आले. वाडी लावली नाही. गाळ तोंडात धरला नाही. थंडी संपता संपता गेले. नदीकाठच्या कबरस्तानात त्यांना ठेवलं, तेव्हा चाचीनं कोनाड्यातली ती पुरचुंडी माझ्याकडे पाठवली होती. मी तीच माती त्यांच्यावर टाकली, तीन मुठी.

पुढच्या पावसाळ्यात मोठा पूर आला. कबरस्तानाचा काठ तुटला आणि चाचांच्या कबरीसकट वाहून गेला. माणसं चाचीला समजावू लागली की म्हातारा पोराकडं गेला, चांगलं झालं. चाचीनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं मला बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमाला नदीचं समदं ठाव हाय. पोचतील का हो त्ये?"

"पोचतील, चाची," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. चाचांशी मी हे एवढंसं खोटं बोललो नाही.

पाणी उतरल्यावर मी वळणावर गेलो. कबरस्तानापासून अर्ध्या मैलावर, चाचांच्या पडीक वाडीवर, हातभर ताजी मळई बसली होती. जड माल पहिला बसतो. मी पायातल्या वहाणा काढल्या, पण खाली उतरायचा धीर झाला नाही.