शनिवारचा कूलर

बडनेऱ्यात ज्यूंचं एकच घर, आमच्या शेजारचं. त्यांचा कॉलेजातला मुलगा सुट्टीत ज्यू तरुणांच्या शिबिराला गेला आणि कडक धार्मिक होऊन परतला. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र वारी, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला लाव असं सांगायचंही नाही. म्हणून तो आमच्या दारात येऊन नुसता म्हणायचा, “काका, लय गर्मी होऊन राहिली ना!” मग मी मुकाट्याने त्याचा कूलर लावून यायचो. माझा हात लागला तर त्याच्या देवाची हरकत नसे.

एका शनिवारी भर दुपारी लोडशेडिंग झालं. हा घामाने निथळत, पण हसत आमच्या ओट्यावर आला.

“आता काहून आला?” मी खेकसलो.

“बसतो काका. आज पुरं बडनेरा माह्यासंगं शनिवार पाळून राहिलं.”