मोऱ्या, पंपाला दोन पेरेंट कशाला दिले?

भांडण अर्धवट टाकून मरतात का बे?

आज मोऱ्याची तेरवी झाली. नरखेडहून आत्ताच परत आलोय आणि डोकं अजून तडकलेलंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मोरेश्वर माझा पार्टनर. शहरात सदर भागात आमचं दोन टेबलांचं ऑफिस. संत्र्याच्या बागेतली मोटर मोबाईलवरून चालवायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. मोटरला जोडायचा पहिला बोर्ड त्याच्याच बाबांच्या विहिरीवर बसवलेला.

भांडायला विषय एकच, इनहेरिटन्स. म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका क्लासने, एका साच्याने, दुसऱ्याचे गुण आयते घ्यायचे ते. ज्याचे घेतले तो पेरेंट.

या गड्याने सी प्लस प्लस भाषेत 'पंप' क्लासला दोन पेरेंट दिले. एक मोटर, एक सिमकार्ड. दोघांचा आजोबा एकच, 'डिव्हाइस'. चालू की बंद, ते आजोबाजवळ.

आता सी प्लस प्लसला वेगळं सांगितलं नाही, तर ती आजोबाच दोन बनवते! एक म्हणतो चालू, दुसरा म्हणतो बंद.

विहिरीवर पाणी धो धो आणि मोबाईल सांगतोय, मोटर बंद.

"जावा भाषेत ही भानगडच नाही," मी म्हटलं. "पेरेंट क्लास एकच. बाकी इंटरफेस, नुसती कामांची यादी."

"तुही जावा त्या एवढ्याशा बोर्डावर चालते का बे?"

"पायथॉन बघ मग. पेरेंट दोन असले तरी आजोबा एकच. कोणाला आधी विचारायचं ती रांगही ठरलेली."

"इथंही होते. दोन जागी व्हर्च्युअल लिहिलं का आजोबा एकच, झालं."

"अरे पण इनहेरिटन्स पाहिजेच कशाला? पंपाच्या आत मोटर ठेव, सिम ठेव, संपलं!"

"काहून डोकं खाऊन राहिला? सोमवारी ठरवू."

शनिवारी गावी गेला. रविवारी सकाळी अटॅक. चाळिशीही नव्हती झाली.

आज जेवणं आटोपल्यावर काका, म्हणजे त्याचे बाबा, मला बागेत घेऊन गेले.

झाडं ताणावर होती. फुलं यावीत म्हणून संत्र्याचं पाणी तोडतात, तो ताण. पण पानं पार वळली होती.

"काका, पाणी नाही सोडलं अजून?"

"मोरू म्हणे, यंदा पहिलं पाणी मोबाईलवरूनच सोडा. तुमचं दोघांचं ठरलं का सोडू, म्हणून थांबलो गा."

अहो, साधं बटण आहे हो खोलीत! हात लावला नव्हता त्यांनी. बाप-लेक दोघंही सारखेच हट्टी.

विहिरीच्या काठावर लॅपटॉप उघडला. माझ्या पद्धतीनं सगळं उलटंपालटं करता आलं असतं. दोन-तीन दिवस लागले असते आणि झाडं थांबणार नव्हती.

चरफडत दोन जागी व्हर्च्युअल लिहिलं.

काकांनी मोबाईल दाबला. मोटर घरघरली. स्क्रीनवरही 'चालू' आलं. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं.

"मंग, भांडणात कोन जितलं गा?"

"मोरू."

काका हसले. मग तिथंच बांधावर बसून रडले. मीही.

आता ऐक मोऱ्या. ते फक्त काकांसाठी होतं. तुझं डिझाईन चूकच आहे. उद्या तिसरा पेरेंट आला की परत बोंब होणार. आणि निस्तरणार कोण? मी!

हे वाचून तू शिव्या घातल्या असत्या. घाल ना बे. एकदा घाल.

माझ्या चुका काढायला आता कोणी नाही रे.

जा मित्रा, सुखानं जा. तुझा आत्मा शांत राहो. माझा तर तू राहू दिला नाहीस.