याच्यामागे जाळं आहे

मी फारसा बोलत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. ग्रामपंचायतीच्या शिपायालाही कान असतात हे कुणाच्या लक्षातच येत नाही! चहा ठेवायला आत जावं आणि एक किस्सा घेऊन बाहेर यावं, असं माझं चाललेलं असतं. पण शफीकुलला पोलिसांनी उचललं त्या दिवसांत इतके किस्से जमले, की आता थोडे वाटून टाकलेले बरे.

शफीकुल आमच्याकडे जाळी विणतो. आमचं गाव मोरा बंदराच्या अलीकडे, तो बंगालचा, मुर्शिदाबादकडचा. इतकी वर्षं राहिला की गावातल्या पोरांना तो इथलाच वाटतो. पोलिसांना मात्र तो बांगलादेशी वाटला. त्यानं आधार कार्ड दाखवलं, तर साहेब म्हणाले, "हे कुठेही बनतं." बाकीचे कागद त्याच्या घरासकट गंगेनं नेलेले. भाऊ केरळात मजुरीला, त्याचा शब्द चालेना. साहेबांनी सांगून टाकलं, "पुरावा आणा, नाहीतर सोमवारी सीमेवर रवानगी." एकदा पलीकडे ढकलला की त्याला परत आणणार कोण?

आमच्या सरपंच सुनंदाताई म्हणाल्या, "वकील देऊ. ग्रामपंचायतीच्या पैशानं."

झालं! गावात प्रत्येकजण प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागला.

*

ग्रामसभेत सगळ्यात आधी उठला बाळाराम नाखवा. त्याच्या दोन बोटी आहेत आणि आवाज चार बोटींचा आहे.

"गावची गटारा तुंबल्यान, आनि तुमी परक्याला वकील देता? यात तुमचा काय हाय, ताई?"

सभेत कुजबुज सुरू झाली. ताईंचा काहीतरी फायदा असणारच, असं मागच्या रांगेत सगळ्यांचं ठरलं. फक्त कसला फायदा ते कुणाला सापडत नव्हतं. खरं सांगतो, मीपण शोधत होतो.

ताई शांतपणे म्हणाल्या, "बाळारामशेठ, तुमची जाली कोन शिवतो?"

"तोच."

"आता कुठं हायत जाली?"

"पडल्यात फाटकी, ओट्यावर."

"मंग?"

बाळारामनं इकडेतिकडे बघितलं, खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मंग काय, लवकर सोडवा. पन माझा नाव लिवू नका!"

*

ठराव झाला, पण आमचे ग्रामसेवक अडून बसले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. सांगोल्याकडचे आहेत, आणि त्यांचा स्वतःच्या सहीवरसुद्धा विश्वास नाही. सही केली की चष्मा लावून परत तपासतात.

"आसपासच्या कंटेनर यार्डांची घरपट्टी येते, पैशाचं काय नाय," ते म्हणाले. "पण खर्च टाकू कुठल्या हेडखाली? ऑडिटवाला मलाच विचारणार, तू कुठला म्हणून!"

सदस्य एकेक सुचवायला लागले. दिवाबत्ती? नको. साफसफाई? ते तर अजूनच वाईट दिसेल. एकानं मोकाट जनावरांचा बंदोबस्त म्हटलं, त्याच्याकडे ताईंनी अशी नजर टाकली की तो चहा अर्धा ठेवून गेला.

शेवटी एक सदस्य म्हणाला, "आपत्ती निवारण टाका."

भाऊसाहेबांनी संशयानं विचारलं, "आपत्ती कुणावर आलीय? गावावर, का त्याच्यावर?"

"तुमच्यावर, भाऊसाहेब! सही करा."

*

वकील मॅडम सीवूड्सला राहतात. घराणं मूळचं इथलंच, रायगडातलं कोकणी मुसलमान. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी फी कमी सांगितली आणि गावाला संशय आला: "स्वस्तात येते म्हंजे काहीतरी गडबड हाय."

तिकडे मॅडमना आमचा संशय. ग्रामपंचायत स्वतःच्या फंडातून बाहेरच्या माणसाला वकील देते, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आधी त्यांना वाटलं, निवडणूक आहे. ती नव्हती. मग वाटलं, शफीकुल कुणाचातरी माणूस आहे आणि त्याचं तोंड बंद ठेवायला गाव त्याला सोडवतंय. त्या ग्रामपंचायतीत आल्या तेव्हा मी चहा घेऊन गेलो, तर त्यांनी माझ्यामागे दार लोटून घेतलं.

"तू बोलत नाहीस, म्हणजे तुला सगळं माहीत असणार. खरं सांग, याच्यामागे काय आहे?"

मी घाबरलो. एवढ्या जवळून मला कुणी प्रश्न विचारत नाही. माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"मॅडम, याच्यामागे जाळं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दार घट्ट लावलं. आवाज एकदम बारीक केला.

"कसलं जाळं?"

"नायलॉनचं."

*

मॅडम आणि ताई चौकीत गेल्या, मी मागे शफीकुलचा डबा घेऊन. तिथल्या साहेबांना कुणीतरी एक युक्ती शिकवली होती. म्हणे, इकडचे बंगाली 'जल' म्हणतात आणि सीमेपलीकडचे 'पानी'. त्यांनी शफीकुलसमोर ग्लास धरला.

"हे काय आहे?"

शफीकुल म्हणाला, "पानी."

"बघा!" साहेब मॅडमना म्हणाले. "सापडला की नाही?"

मॅडम सांगायला लागल्या की बंगालात मुसलमान दोन्हीकडे पानीच म्हणतात. पण ताईंना तेवढा धीर कुठला!

"सायेब, मंग माझी आयस पन बांगलादेशी. आमचा आख्खा गाव बांगलादेशी. आमी जल्मापासून पानीच बोलतो. गाडी मोठी मागवा!"

साहेबांना राग आला, पण बाई सरपंच. त्यांनी विषय बदलायला हवालदाराला हाक मारली, "अरे, ताईंना पाणी दे."

हवालदार अलिबागकडचा. त्यानं आतूनच आवाज दिला,

"पानी संपलाय, सायेब!"

*

डबा देताना मी आणि शफीकुल दोघेच होतो. मला त्याचा संशय नव्हता असं म्हणणार नाही. गावात इतकं कानावर पडलं होतं, की तो घास कसा घेतो याच्याकडेपण मी निरखून बघत होतो. शेवटी विचारलंच.

"शफीकुल, तू खरंच तिकडचा आहेस ना? म्हणजे, सीमेच्या अलीकडचा?"

तो जेवायचा थांबला. "तू खरंच इथला आहेस?"

"हो!"

"दाखव."

मी विचार करायला लागलो. आठवीत शाळा सोडली, पण शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेलोच नाही. म्हणजे कागदानं बघितलं तर मी अजून आठवीतच आहे.

शफीकुल म्हणाला, "तू काय बोलू नको बाबा. तुझं गाव तुला ओळखतं, म्हणून तू बाहेर."

नंतर त्यानं डबा संपवला. मी रिकामा डबा घेऊन गावात आलो आणि त्या दिवशी कुणाशी एक शब्द बोललो नाही. अर्थात, कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

रविवार उजाडला, आम्ही परत चौकीत. मॅडमनी अर्ज तयार केला होता, पण त्याच्यासोबत काहीतरी जोडायला हवं होतं. साहेब म्हणाले, "त्याच्या गावच्या प्रधानानं माझ्यासमोर ओळख पटवली, तर मी गाडी थांबवतो." प्रधान म्हणजे त्यांच्याकडचा सरपंच. मॅडमनी खटपट करून नंबर मिळवला. फोन लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण रिचार्ज माझ्या मोबाईलमध्ये होता.

मी हिंदीत पाठ करून बोललो, "नमस्ते, महाराष्ट्र से बोल रहा हूँ. आपके गाँव का आदमी पुलिस के कब्जे में है. उसका कागज जल्दी व्हॉट्सअॅप करो."

पलीकडच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला, "हम को बुद्धू समझा? ऐसा फोन रोज आता है!" आणि फोन कट. परत लावला तर नंबर ब्लॉक.

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अरे, फसवणारे अगदी हेच बोलतात!"

ताईंनी आपल्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. "मैं सरपंच बोलती."

"पिछला बार सीबीआई बोला था. अब सरपंच!"

साहेबांना राहवेना. त्यांनी फोन ओढून घेतला आणि आपलं नाव, हुद्दा, चौकी सगळं दणकून सांगितलं.

"अच्छा!" प्रधान म्हणाला. "पुलिस भी बैठा है! पूरा गैंग है!"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी ओळख विचारत होतं आणि त्यांच्याकडे पुरावा नव्हता! मॅडम म्हणाल्या, व्हिडिओ कॉल करू. प्रधान म्हणाला, "वीडियो में भी आजकल झूठा मुँह बनाता है."

मग तोच म्हणाला, "ठीक है. शफीकुल वहाँ है? तो हम एक बात पूछेगा. गाँव का आदमी होगा, तो जानेगा."

शफीकुलला पुढे आणलं. साहेब खुर्ची ओढून बसले. मॅडमनी माझा दंड धरला होता, हे मला नंतर कळलं.

प्रधान म्हणाला, "बोलो उसको, मेरा हांस कौन चुराया था?"

हांस म्हणजे त्यांच्याकडे बदक. ताईंना वाटलं, याचं हसू कुणी चोरलं! मॅडमनी समजावलं.

सगळे शफीकुलकडे बघायला लागले. त्यानं आधी फोनकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग साहेबांच्या पट्ट्याकडे. एवढे दिवस कोठडीत काढले, पण एवढा घाबरलेला मी त्याला बघितला नव्हता.

"बोल ना रे," साहेब म्हणाले. "माहीत नाही?"

फोनमधून प्रधान ओरडला, "क्या हुआ? बोलता क्यों नहीं?"

शफीकुल ताईंकडे सरकला आणि त्यांच्या कानाशी वाकला. पण खोली इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"ताई, चोरीच्या केसलापण ग्रामपंचायत वकील देते का?"