दोन्ही चाकं एकदम

फॅक्टरीत कचरू साळवे यांना पाठीमागे 'रिजेक्ट साळवे' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर मनातून आवडतही असे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी तपासनीस म्हणून चौतीस वर्षे काढली होती. समोर आलेला भाग मापात घालून पाहायचा, उजेडाकडे धरायचा आणि केसभर फरक दिसला तरी लाल खडूने फुली मारून बाजूला सारायचा. "साहेब, एवढ्यानं काय होतंय?" असे कोणी काकुळतीला येऊन म्हणाले, की ते चष्म्यावरून पाहत. "होणार काहीच नाही. झालंच तर तुम्हाला होणार नाही, एवढंच." पास झालेल्या मालावर त्यांचा सत्तावीस नंबरचा शिक्का उमटे. त्या शिक्क्याचा एक कायदा होता. ज्याने काम केले, त्याने ते स्वतः पास करायचे नाही.

निवृत्तीच्या दिवशी शिक्का जमा झाला. नजर जमा करून घेण्याची सोय कारखान्यात नव्हती. तेव्हापासून ती नजर घरात फिरू लागली. दाराच्या बिजागऱ्या, नळाची तोटी, भाकरीचा काठ, काहीच तिच्यातून सुटत नसे. "आमच्याकडं वरणसुद्धा मापात घालून बघतात," असे त्यांच्या पत्नी कांताबाई शेजारणींना सांगत.

मुलगा आयुष वर्षभरासाठी कामानिमित्त नागपूरला गेला आणि त्याची नऊ वर्षांची छोटी निळी गाडी सून पूर्वाच्या हाती आली. पूर्वा येरवड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करी. माहेर आणि सासर मिळून गाडी चालवणारी ती पहिलीच बाई. लायसन्स मिळाल्याला दोन महिने झाले होते, आणि अजूनही गाडी सुरू करण्यापूर्वी ती क्षणभर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसे.

मागच्या चाकांतून खर्र असा आवाज येऊ लागला, तेव्हा कचरू साळव्यांनी ताबडतोब निदान केले. मागच्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेक शू झिजले होते. नवे शू आणायला ते खडकी बाजारात श्यामच्या गॅरेजवर गेले.

"काका, गाडीच ठेवून जा," श्याम म्हणाला. "संध्याकाळी तयार."

"मागच्या वेळी ठेवली होती. बॉनेटवर चहाच्या कपाचा गोल उमटवून दिलास."

"त्याचं काही लावलं नव्हतं, काका." श्यामने खोके पुढे केले. "घरी बसवणार असाल तर एक करा. एक चाक पूर्ण करा, मगच दुसरं उघडा. म्हणजे अडलं तर बघायला दुसरं शाबूत राहतं. दोन्ही एकदम उघडली की आम्हीसुद्धा चुकतो."

"तुम्ही चुकता, म्हणूनच मी घरी बसवतोय."

गॅरेजमधले सगळे हसले. श्यामही हसला. कचरू साळवे खोके काखोटीला मारून ताठ चालीने घरी आले.

रविवारी सकाळी त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि दोन्ही मागची चाके एकदम उघडली. त्यांना आयुष्यभर ठाऊक असलेली पद्धत तशीच होती. आधी सगळे भाग सुटे करायचे, धुवायचे, मांडायचे, तपासायचे, जुळवणी त्यानंतर. कांताबाईंची जुनी परात त्यांनी मागून घेतली. ("परत देऊ नका," त्या म्हणाल्या.) स्प्रिंगा, खिळे आणि दोन्ही चाकांचे ॲडजस्टर त्या परातीत पेट्रोलने धुऊन निघाले. ॲडजस्टर म्हणजे दोन शूंच्या मधे बसणारी आट्यांची दांडी. शू झिजत जातात तसतशी ती ब्रेकच्या प्रत्येक वापरासरशी किंचित लांबते आणि शू ड्रमच्या जवळ ठेवते. डावीचे आटे एका दिशेचे, उजवीचे उलट्या दिशेचे. हे कचरू साळव्यांना माहीत होते. दोन्ही दांड्या त्यांनी इतक्या निगुतीने घासल्या, की त्या आरशासारख्या लखलखू लागल्या. एकेक दांडी उजेडाकडे धरून आटे न्याहाळले आणि वर्तमानपत्रावर मांडलेल्या दोन ओळींत ठेवली. कुठली कुठल्या ओळीत गेली, तिकडे लक्ष नव्हते. नजर तुकड्याच्या तब्येतीवर होती, त्याच्या घरावर नव्हती.

दुपारी पूर्वा चहा घेऊन खाली आली, तेव्हा चाके बसली होती. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि गाडीला मागून रेटा दिला. सपाट फरशीवर गाडी जागची हलली नाही.

"पास," ते म्हणाले.

"बाबा, ज्यानं काम केलं त्यानं पास करायचं नाही ना? तुमचाच कायदा."

"तो कामगारांसाठी होता," ते म्हणाले आणि त्यांनी कप हातात घेतला.

आठ दिवसांनी रात्रीच्या जेवणाच्या ताटावर पूर्वा म्हणाली, "बाबा, हँडब्रेक फार वर येतोय. आधी चार खटके व्हायचे. आता आठ-नऊ होतात."

"खटके मोजण्यापेक्षा नीट ओढ. मनगटात जोर लागतो."

दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, "ब्रेकचं पेडलही खोल जातंय. गाडी एकदा बघता का?"

"नवं शिकलेल्याला गाडीच दोषी दिसते," कचरू साळवे म्हणाले. कांताबाई हसल्या. पूर्वाही हसली आणि तिने ताटाशेजारी ठेवलेला स्वतःचा डावा हात एकदा पाहिला.

गुरुवारी सकाळी लॅबच्या दारातल्या चढावर तिने गाडी थांबवली. चढाच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून, वॉचमन जयसिंग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असे. तो उठला, गाडीच्या बाजूने वर गेला आणि फाटकाची कडी काढू लागला. पूर्वाने हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला आणि पाय ब्रेकवरून उचलला. गाडी मागे सरकू लागली. काय होते आहे हे कळून तिने ब्रेक दाबला तेव्हा गाडी तिरकी होऊन भिंतीला भिडली होती, आणि मधे जयसिंगच्या खुर्चीचे तीन तुकडे झाले होते.

हे तिने संध्याकाळी घरी सांगितले, आवाज चढू न देता. "ते फाटक उघडायला उठले होते म्हणून. मला म्हणाले, मॅडम, खुर्चीच होती." मग तिने गाडीची किल्ली दाराशेजारच्या खुंटीला अडकवली. "बाबा, तुम्ही म्हणत होतात तेच खरं. माझ्या हाताला जोर नाही. मी आपली बसनंच जाईन."

"होईल सवय," कचरू साळवे म्हणाले. परंतु आठ-नऊ खटके त्यांच्या कानात तसेच राहिले.

शुक्रवारी सकाळी गॅलरीतून त्यांनी पूर्वाला जाताना पाहिले. खांद्याला डबा आणि काखेत उलटी धरलेली नवी कोरी लाल खुर्ची. बसच्या दारात ती खुर्ची दोनदा अडकली. तिसऱ्यांदा कोणीतरी ती वरून ओढून घेतली.

बस गेल्यावर ते खाली उतरले. डावा ड्रम निघाला आणि ॲडजस्टर समोर आला. त्याच्यावर 'आर' हे इंग्रजी अक्षर कोरलेले होते. उजव्या चाकातल्या दांडीवर 'एल' होते. अक्षरे बारीक नव्हती. त्यांनी स्वतःच ती इतकी घासली होती, की आंधळ्याच्या बोटालाही लागली असती. अदलाबदल झालेल्या दांड्या लांबण्याऐवजी आखडत गेल्या होत्या. पूर्वाने जितक्या वेळा ब्रेक दाबला, तितक्या वेळा शू ड्रमपासून कणभर दूर गेले होते.

कचरू साळवे बराच वेळ फरशीवर बसून राहिले. नंतर त्यांनी काम केले. दांड्यांची अदलाबदल केली, डावे चाक पूर्ण केले आणि मगच उजव्याला हात लावला. सोसायटीच्या उतारावर गाडी नेऊन चौथ्या खटक्याला हँडब्रेक लावला. गाडी खिळल्यासारखी उभी राहिली. आजूबाजूला कोणी नव्हते. काय घडले ते त्यांच्याशिवाय कोणाला कळण्याचे कारणही नव्हते.

संध्याकाळी सांगायचे असे त्यांनी ठरवले. पूर्वा आली, पाणी प्यायली.

"गाडी बघितली मी," ते म्हणाले.

"हो? काही सापडलं?"

"थोडं टाइट केलंय."

'थोडं' हा शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून त्यांचे कान तापले. चौतीस वर्षे टेबलापलीकडून हाच शब्द येत असे, आणि तो बोलणाऱ्याच्या पुढच्या वाक्याकडे ते लक्षही देत नसत.

"म्हणजे गाडी ठीकच होती," पूर्वा म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी ती टीव्हीसमोर बसून आयुषचा जुना रबरी चेंडू डाव्या मुठीत दाबत होती. ओठ हलत होते. ती मोजत होती.

"हे काय गं?" कांताबाईंनी विचारले.

"लॅबमधली मैत्रीण म्हणाली, रोज शंभर वेळा दाबायचा. मनगटात जोर येतो."

कचरू साळवे उठून गॅलरीत गेले. ती शंभरापर्यंत पोहोचेपर्यंत आत आले नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी पुन्हा जॅकवर चढवली. दोन्ही चाके उघडली आणि नीट बसलेल्या दोन्ही दांड्या काढून, आधी होत्या तशा चुकीच्या बाजूंना बसवल्या. तोंडाने सांगणे जमत नव्हते. दाखवणे जमेल असे वाटले. मग त्यांनी पूर्वाला हाक मारली.

ती खाली आली. त्यांनी डाव्या चाकाकडे बोट केले. "वाच."

ती वाकली. "आर लिहिलंय." उजवीकडे गेली. "एल." परत आली. "उलटं आहे?"

"मी बसवलं तेव्हा असं होतं. यानं ब्रेक सैल होत जातो."

पूर्वा उकिडवी बसली. "म्हणजे माझा हात..."

"तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं. तू खटके मोजलेस, ती तपासणी बरोबर होती. मी ऐकली नाही."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे, बाबा."

"हो."

पार्किंगमध्ये कोणाच्या तरी स्कूटरला किक बसत नव्हती. तो आवाज दोघे ऐकत राहिले. मग तिने कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. "आता बरोबर बसवा. एकेक चाक. मी बघते."

त्यांनी बसवले. ती प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचे आणि मगच त्यांना ड्रम चढवू देई. एकदा तिने खूण स्पष्ट दिसली नाही म्हणून दांडी पुन्हा काढायला लावली. त्यांनी काढली. सगळे झाल्यावर गाडी उतारावर उभी करून तिने स्वतः हँडब्रेक ओढला, चार खटके मोजले आणि बराच वेळ थांबली. कचरू साळवे बाजूला उभे होते. पास का, असे त्यांनी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. किल्ली मात्र तिने खुंटीला लावली नाही, पर्समध्ये टाकली.

"जयसिंगकाकांना वाटतंय, मला गाडी येत नाही," जिन्यात ती म्हणाली. "सगळ्या लॅबला तसंच वाटतंय."

"उद्या मी येतो बरोबर."

सोमवारी ते तिच्या शेजारी बसून येरवड्याला गेले. सबंध वाटेत त्यांनी एकही सूचना केली नाही. चढावर गाडी थांबली, चार खटके वाजले, गाडी हलली नाही. लाल खुर्चीवरून उठून जयसिंग फाटकाकडे निघाला होता. म्हातारा माणूस, एका पायाने किंचित लंगडणारा. त्याला उठायला किती वेळ लागतो ते कचरू साळव्यांनी काचेतून पाहिले.

ते उतरून त्याच्यापाशी गेले. "मी हिचा सासरा. त्या दिवशी हिची चूक नव्हती. ब्रेक मी बसवले होते. उलटे."

जयसिंगने त्यांना नखशिखांत पाहिले. "कुठं होतात कामाला, साहेब?"

"फॅक्टरीत. तपासणीला."

"अस्सं," जयसिंग म्हणाला. थोडे थांबून त्याने खुर्चीकडे हात केला. "उन्हाचे आलात. बसा. नवीच आहे."

पूर्वाची गाडी फाटकातून आत गेली. कचरू साळवे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. जयसिंग दुसऱ्यांदा बसा म्हणाला, तरी ते बसले नाहीत.