बिगर खताची सरी

आखाडा बाळापूरचे एक हळद पिकवणारे मामा दर तीन महिन्यांनी आमच्या दवाखान्यात येतात. चपला दाराबाहेर काढतात आणि नखांतली हळद दिसू नये म्हणून हात पाठीमागे धरतात. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत चालल्यानं त्यांची चाल मंदावली आहे. मधुमेहावरच्या एका गोळीनं हा आजार वाढायचा वेग कमी होतो का, याची चाचणी आमच्याकडे सुरू आहे. काहींना औषधाची गोळी मिळते, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, ते मलाही ठाऊक नसतं.

पहिल्या दिवशी हे समजावताना माझीच जीभ अडखळली. मामा मात्र हसले. "त्यात काय ताई! नवं खत आणलं की आमी बी हळदीची एक सरी बिगर खताची ठेवतो. न्हाई तर खताचा गुण कळंल कसा?"

तेव्हापासून आले की विचारतात, "आमची सरी कशी हाय?"

परवा त्यांना भिंतीपासून दारापर्यंत चालायला सांगितलं. मागच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. आकडा न लिहिताच मी पेन बाजूला ठेवलं. म्हटलं, "मामा, दमला असाल. जरा बसा, पुन्हा चालून बघू."

"काहून?" ते दाराची चौकट धरून उभे होते. "एका सरीत पीक कमी आलं म्हणून शेजारच्या सरीतलं त्यात टाकतेत का? जे हाय ते लिहा."

मी लिहिलं. मग घड्याळातला आकडा कागदावर बरोबर उतरलाय का, ते त्यांनी चष्मा लावून पाहिलं.